पदराने पुसलेले ट्रे

प्लेगच्या साली निम्मं सुरत गावाला पळालं, त्यात आम्हीही होतो. परत आलो तर शहराला स्वच्छतेचं वेडच लागलेलं. काल जिथे उकिरडा होता तिथे आज पांढरी पावडर, आणि पावडरीच्या शेजारी शिट्टी घेऊन मुकादम. आमचे हे ज्या लूमखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, कामाला होते ते मात्र अजून धड सुरू झालं नव्हतं. लूम बंद पडले की आमच्या वस्तीत माणसं एकमेकांवर ओरडायला लागतात, कारण एरवी ओरडल्याशिवाय ऐकूच येत नाही आणि सवय सुटत नाही. त्या ओरडण्यातून मला बाहेर काढलं शेजारच्या मावशीने. ती पर्वत पाटियाकडच्या एका बाळंतपणाच्या दवाखान्यात आया होती. तिथे साफसफाईला आणखी एक बाई हवी होती.

मी चौथीपर्यंत शिकलेली. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कुलूप लागतं. डॉक्टरबाईंनी नाव विचारलं तर तेही मावशीनेच सांगितलं.

"आ बोलती नथी?" डॉक्टरबाई हसल्या.

"नाही बोलत तेच बरं, बाई," मावशी म्हणाली. "मी बोलते तर तुम्हाला त्रास होतो ना?"

तीन महिने बघायचं आणि मग कामावर पक्कं करायचं, असं ठरलं. मला ते काम मनापासून हवं होतं. दवाखाना गार होता, फरशी पांढरी होती, आणि मी पुसलेली फरशी दुपारपर्यंत पुसलेलीच दिसायची. घरी असं कधी झालं नव्हतं.

काम शिकवलं मोठ्या सिस्टरने. त्या केरळच्या, हिंदी त्यांची स्वतःची अशी वेगळीच. लाल बादली संडासची, निळी वॉर्डची. पोछा आतून दाराकडे मारायचा. हात कोपरापर्यंत धुवायचे. मावशी एकदा लाल बादलीचा पोछा घेऊन वॉर्डात शिरली, तर सिस्टर तिच्यामागे अख्ख्या जिन्यावरून धावल्या होत्या.

महिन्याभराने त्यांनी मला ड्रेसिंगच्या सामानाचं काम दिलं. स्टीलचे ट्रे आणि वाट्या मोठ्या डब्यात पाण्याबरोबर उकळायच्या, घड्याळात बघून वीस मिनिटं. मग लांब चिमट्याने उचलून उकळलेल्या फडक्यावर मांडायच्या. हात लावायचा नाही. मी कधी हात लावला नाही, देवाशपथ.

पण दवाखान्याचं पाणी बोअरचं. ट्रे वाळले की त्यांवर पांढरे डाग उमटायचे, जसे काही कुणी ताक सांडलंय. आमच्या खानदेशात पाहुण्याला डागाळलेल्या तांब्यात पाणी दिलं तर सून म्हणून तुमचं काही खरं नाही. सासूबाई तांब्यात आपलं तोंड बघायच्या, आणि तोंड दिसलं नाही तर माझ्याकडे बघायच्या. त्यामुळे हात आपोआप पदराकडे जायचा. ट्रेच्या खाली एक पदर, वर एक पदर, आणि दोन फेऱ्यांत आरसा. पदर रोज धुतलेला असायचा. बोट मी लावतच नव्हते.

एक दिवस डॉक्टरबाईंनी ट्रे उचलून उजेडात धरला. "वाह! आवा तो नवा पण नथी होता!" त्या म्हणाल्या. नवेसुद्धा असे नसतात म्हणे! शाळा सुटल्यानंतर मला कुणी शाबासकी दिल्याचं आठवत नाही. त्या दिवसापासून मी वाट्याही पुसायला लागले.

मग टाके बिघडायला लागले. सिझर झालेल्या एका बाईचे टाके ओले झाले, चार दिवसांनी दुसरीचे. तिसरी होती चलथाणकडची, उसाच्या वाड्यांमध्ये वाढलेली धडधाकट पोरगी. तिला ताप भरला. बाळ रडलं की ती उठायला बघायची, टाका ओढला जायचा, आणि ती परत आडवी व्हायची. "मावशी, जरा द्या ना त्याला," असं ती मला म्हणायची. मी तिच्यापेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी असेन.

डॉक्टरबाईंनी ठरलेली ऑपरेशनं दुसरीकडे पाठवली. पडदे निघाले, भिंती धुतल्या गेल्या, ऑपरेशनच्या खोलीत औषधाचा धूर करून दाराच्या फटींना चिकटपट्ट्या लागल्या. आमचे डोळे असे चुरचुरत होते की येणारे नातेवाईक विचारायचे, कोण गेलं? आणि सगळ्यांच्या नजरा मावशीवर. ती तंबाखूची मिश्री लावायची आणि लाल बादलीचं ते प्रकरण कुणी विसरलं नव्हतं.

"मी थुंकते का टाक्यांवर?" मावशी रागाने म्हणाली. पण दुपारी डबा तिने तसाच परत नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी आम्हा सगळ्यांना उभं केलं. वॉर्डात जाऊन त्यांनी पलंगांच्या दांड्यांना आणि दारांच्या कड्यांना हळद चोळून ठेवली होती.

"अब सब लोग रोज जैसा काम करो," त्या म्हणाल्या. "एक घंटे बाद मैं देखेगी, हळद किधर-किधर घूमकर आया."

मावशीने कपाळाला हात लावला. "लग्न कुणाचं आहे, ते तरी सांगा."

सगळे हसले. मीही हसले. पलंग सरकवून खालची फरशी पुसली, हात पदराला पुसले, मग नळावर कोपरापर्यंत धुतले, आणि ट्रे उकळायला गेले. वीस मिनिटं झाली. चिमट्याने पहिला ट्रे काढला, डाग दिसले, पदर घेतला, दोन फेऱ्या मारल्या.

ट्रेवर पिवळा पट्टा उमटला. हळदीकुंकवाच्या ताटात बोट फिरवावं, तसा.

खोलीत मी एकटीच होते. नळ दोन पावलांवर. धुऊन टाकायला किती वेळ लागला असता? तीन महिने भरायला आठ दिवस उरले होते. माझं डोकं भराभर चालायला लागलं, एरवी ते इतकं चालत नाही. रोज हात धुवायचे, वीस मिनिटं उकळायचं, चिमट्याने उचलायचं, आणि शेवटी ज्याला मी दिवसभर हात पुसते तेच ट्रेला लावायचं. शाबासकी मिळाली त्या दिवसापासून मी वाट्याही पुसत होते. पहिलीचे टाके त्यानंतरच ओले झाले होते.

बाहेर ते चलथाणचं बाळ रडायला लागलं.

मी ट्रे दोन्ही हातांत घेतला आणि बाहेर आले. डॉक्टरबाई आणि सिस्टर टेबलापाशी उभ्या होत्या, मावशी दारात. मला काही बोलता येईना, म्हणून ट्रे टेबलावर ठेवला. पदराचं पिवळं टोक त्याच्या शेजारी ठेवलं. मग पदराने ट्रे पुसून दाखवला, खालून एकदा, वरून एकदा.

सिस्टर खुर्चीवर बसल्या. "रोज?" त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली.

"ओ माय गॉड. और मैं मावशी के पीछे पड़ी थी."

"आता माझी माफी मागा," मावशी म्हणाली, पण तिचा आवाज माझ्याकडे बघून लगेच उतरला. डॉक्टरबाई ट्रेकडे बघत होत्या. त्या मराठीत बोलल्या, तुटक-तुटक. "चमक बघून मी खूश झाली. मी पण विचारलं नाही, चमक कुठून आली." मग म्हणाल्या, टाके ह्याच्यामुळेच बिघडले असं छातीठोक सांगता येणार नाही, पण आजपासून हे बंद. मला काढलं नाही. आणखी पंधरा दिवस बघायचं ठरलं. अट दोन गोष्टींची: कामावर साडीवरून लांब झगा घालायचा, पदर आत खोचायचा, डोक्याला टोपी. आणि वॉर्डाच्या दाराशी उभं राहून, हात न धुता कुणालाही आत सोडायचं नाही.

"मुँह से बोलने का," सिस्टर म्हणाल्या. "ट्रे दिखाकर नहीं."

झगा एक वेळ ठीक. पण डोक्यावरून पदर काढून परक्या पुरुषांसमोर उभं राहायचं, आणि वर बोलायचं! पहिले काही दिवस मी नुसता नळाकडे हात दाखवायचे. लोकांना वाटायचं, मुकी आहे. ते बिचारे जास्तच नीट हात धुवायचे. तेवढ्यात चलथाणच्या पोरीचा ताप उतरला, टाके सुकले, आणि एक दिवस ती स्वतः उठून बाळाला घेताना मी पाहिली. नवीन कुणाचे टाके ओले झाले नाहीत.

पंधरावा दिवस होता. दारात फेटा दिसला. माझे चुलत सासरे, थेट गावाहून. त्यांच्या मुलीला आदल्या दिवशी आमच्याच दवाखान्यात मुलगा झाला होता. त्यांच्यापुढे मी कधी उभीसुद्धा राहिले नव्हते, बोलणं तर सोडाच. बसच्या धुळीने भरलेल्या उजव्या हाताच्या बोटाला त्यांनी मध लावलेला होता, नातवाला चाटवायला. ते बोट पुढे धरून, दिवा विझू नये तसं जपत, ते सरळ आत निघाले.

मी दारात आडवी झाले.

त्यांनी माझ्या टोपीकडे बघितलं, मग खाली, मग परत टोपीकडे. "कोन वं तू? आमनी सून शे का?"

"हो, मामाजी."

"मंग डोकावर हाई काय?"

मागे सिस्टर उभ्या होत्या, मावशीही. मी मान वर केली. "मामाजी, पहिले हात धोई ल्या. आनि मध नही चालस."

ते थांबले. मला वाटलं, आता सगळ्या वस्तीत बोभाटा होणार. ते बोटाकडे बघत राहिले, मग मध स्वतःच चाटून टाकला आणि नळाकडे गेले. मावशी माझ्या कानाशी लागली, "सिस्टरने मान हलवली बघ, पक्की झालीस." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, कारण सासरे ओले हात झटकत परत येत होते.

"आते?" त्यांनी विचारलं.

मी त्यांचे हात बघितले. "नखं राहिली, मामाजी."