भातावरची हद्द

रस्त्याच्या बरोबर मधून चालणारा आणि तरीही हातीपायी धड राहिलेला माणूस अख्ख्या बेंगळुरात एकच, तो म्हणजे चिकपेटेतले आमचे घरमालक. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. साठ सालच्या सुमारास ते जनगणनेच्या कचेरीत होते. कुठल्या टपाल विभागात माणसं किती हे सांगता यावं, म्हणून टपालाच्या हद्दी गणतीच्या नकाशावर बसवणं हे त्यांचं काम. पोस्टमन फिरणार पायाला सोयीच्या गल्ल्यांनी, गणती चालणार भिंती नि गटारं धरून. या दोघांचं लग्न अण्णांनी लावायचं. हद्द रस्त्याच्या मधून जाते, म्हणून अण्णाही मधून जात. मागून सायकलवाले घंटा बडवत, टांगेवाले कन्नडात उद्धार करत. अण्णा आपले "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत पुढे. घराचं दार जिकडे उघडतं, तिकडचं ते घर, हा त्यांचा नियम. एका वकिलांना आपलं घर पलीकडच्या भारदस्त विभागात हवं होतं. अण्णा म्हणाले, "साहेब, दार फिरवा. रेघ फिरणार नाही."

जेवतानाही तेच. भात म्हणजे शहर, सांबाराची रेघ म्हणजे हद्द. त्यांची थोरली विधवा बहीण अक्का वाढायची आणि भात गार होताना बघत बसायची. एक दिवस ती भडकली. "मी रांधायचं आणि तू त्याचा नकाशा करायचा?" शेगडी उचलून ती मागच्या खोलीत गेली, मधलं दार लावून घेतलं आणि मागच्या गल्लीतल्या दारानं ये-जा करू लागली.

नेमका त्या गल्लीपासून टपालाचा दुसरा विभाग सुरू होत होता. वेगळं दार, वेगळी चूल, म्हणजे वेगळं कुटुंब, तेही पलीकडच्या विभागात. स्वतःच्याच नियमानं अण्णांना स्वतःच्या घरातून रेघ ओढायची होती. नकाशा पुरा होईना, कचेरीतल्या साहेबांचा तगादा थांबेना. शेवटी अण्णांनी मधलं दार वाजवलं. मी जिन्यात उभा राहून ऐकत होतो.

"अक्का, तुझी गणती आता परक्या घरात होणार गं."

"होऊ दे की."

"मला ती रेघ ओढवत नाही."

कडी निघाली. "स्वल्प बाजूला हो, तम्मा," असं धाकट्या भावाला म्हणत अक्का पेटती शेगडी घेऊन थेट पुढच्या स्वयंपाकघरात गेली. "चूल एक झाली. आता ओढ कुठे ओढायची ती." अण्णांनी मागच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि हद्द मागच्या भिंतीवरून नेली. त्या दिवशी त्यांनी भातावर अख्खं शहर काढलं आणि अक्का चक्क बघत बसली.

गेल्या साली अक्का गेली. अण्णा अजून रस्त्याच्या मधूनच चालतात. परवा त्यांनी मला आग्रहानं जेवायला बसवलं. भात वाढला, सांबार वाढलं आणि लगेच कालवून ते जेवू लागले. एकही रेघ नाही. भात अजून गरम होता.