स्वल्प थांबा

सगुणाबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, जिभेचं नाही. त्यामुळं खाटेवर पडल्या पडल्या बाई वॉर्डातल्या पोरींच्या डोक्यावर मिरे वाटत होत्या. चादरीची घडी अशी का, सलाईनची बाटली संपत आली तरी कुणाचं लक्ष कसं नाही, खिडकी कुणी उघडी टाकली, हेब्बाळ तळ्यावरचे सगळे डास काय माझ्या पाहुणचाराला बोलावलेत का! पोरी "सरी अक्का, सरी अक्का" म्हणत कामाला लागायच्या. न लागून करतात काय? ज्या वॉर्डात बाई आता पेशंट होत्या, त्याच वॉर्डात त्यांनी उभी हयात नर्स म्हणून काढली होती. आताची इनचार्ज भार्गवीसुद्धा त्यांच्याच हाताखाली इंजेक्शन द्यायला शिकलेली.

त्यांचे यजमान जयसिंगराव उशाशी खुर्ची टाकून बसलेले असायचे. बस चालवून निवृत्त झालेला माणूस; बायको बोलायला लागली की मान डोलवायची आणि कॉफी प्यायची, एवढं काम त्यांनी स्वखुशीनं पत्करलं होतं. घराणं शहाजीराजांच्या मागून बेंगळुरूला आलेलं, असं ते येईल त्याला ऐकवायचे. इतक्या पिढ्या इथं गेल्या की घरातल्या मराठीत कानडी कधी मिसळली ते कुणालाच आठवत नाही. पुण्याहून एचएसआर लेआउटला राहायला आलेली त्यांची भाची ती मराठी ऐकून हसायची. सगुणाबाई तिला म्हणायच्या, "हस गं बाई हस. इथं भाजी घ्यायला जा, मग बघू कोण हसतंय."

बाई कडक होत्या, पण पोरींचा त्यांच्यावर जीव होता. कारण त्या नुसत्या ओरडायच्या नाहीत, ओरडून झाल्यावर शिकवायच्या. पेशंटला हात लावायच्या आधी आपले तळवे चोळून गरम करा. आजारी माणसाला गार हात फार लागतो. त्याच्याशी बोलायचं तर घडीभर स्टुलावर टेका, उभ्या उभ्या बोललात तर त्याला वाटतं ही आता पळणार, आणि तो खरं सांगतच नाही. नातेवाइकांशी उपाशीपोटी वाद घालू नका, आधी डबा खा. आणि दुखणं वाढायच्या आत औषध मागायला सांगा. "सहन करणाऱ्याला इथं बक्षीस मिळत नाही," हे तर त्यांचं आवडतं वाक्य.

आणि स्वतः बाई काय करत होत्या? फिजिओवाला रोशन गुडघा वाकवायला आला की दात आवळून छताकडं बघायच्या. "दुखतंय का अक्का?" म्हटलं की, "छे! काय दुखायचंय!" कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि म्हणे काय दुखायचंय.

हे सगळं ओळखलं ते प्रणितानं. प्रणिता निपाणीची. तिची आई ठकुबाई तिकडं तंबाखूच्या वखारीत कामाला जायची आणि भेटेल त्याला सांगायची की माझी लेक बेंगळुरात सिस्टर आहे. पोरगी गुणी, हाताला हलकी, पण अजून कायम झालेली नव्हती. मागं तिच्या ड्यूटीत एक पेशंट खाटेवरून घसरला होता. लागलं नाही फार, पण मेट्रन मॅडमनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं होतं: पुन्हा असं झालं तर कायम करणं आमच्या हातात नाही. सगुणाबाईंचे केस विंचरता विंचरता तिनंच हे सांगितलं होतं.

"घरी सांगितलंस?" बाईंनी विचारलं.

"न्हाई अक्का. आई झोपायची न्हाई. तिला वाटतंय मी कवाच कायम झालेय." तिचा कंगवा थांबला. "तुम्ही मात्र उठू नगासा हं एकट्या. काय पायजे ते बेल दाबा."

"मला सांगतेस होय गं? हा पिवळा पट्टा या वॉर्डात आणला कुणी?" सगुणाबाईंनी मनगट पुढं केलं. ज्याचा तोल जायची भीती आहे, त्याच्या हाताला तो पट्टा. तो असला की माणसानं आधाराशिवाय उठायचं नाही. खरंच तो त्यांनीच सुरू केला होता. पण प्रणितानं पाठ फिरवली तशी बाईंनी गाऊनची बाही ओढून तो झाकला. पट्टा दुसऱ्याच्या हाताला शोभतो ना!

शेजारच्या खाटेवर एक अज्जी होत्या. खुब्याच्या हाडाचं ऑपरेशन झालेल्या, अगदी मुक्या. कुणाला हाक नाही, कसली तक्रार नाही. फक्त पाणी प्यायच्या नाहीत. नर्सनं पेला पुढं केला की ओठ ओले करायच्या आणि परत द्यायच्या. सगुणाबाईंना ते बघवेना. त्या आपल्या खाटेवरून कानडीत झापायच्या, "अज्जी, पाणी प्या, नाहीतर पुन्हा सलाईन टोचतील!" अज्जी नुसतं हसायच्या. "हट्टी आहे म्हातारी," बाई जयसिंगरावांना म्हणायच्या. जयसिंगराव मान डोलवायचे.

परिचारिका दिन जवळ आला होता. खालच्या हॉलमध्ये कार्यक्रम, आणि नव्या नर्सना चार शब्द सांगायला पाहुण्या कोण, तर सगुणाबाई. आयत्याच वर खाटेवर होत्या. बाईंनी ठरवूनच टाकलं होतं की चाकाच्या खुर्चीतून जायचं नाही, वॉकर धरून आपल्या पायांनी जायचं. भाषणाची तालीम जयसिंगरावांसमोर रोज व्हायची. गरम तळवे, स्टूल, डबा, सगळं क्रमानं.

कार्यक्रमाच्या आदल्या दुपारी घोड्यानं पेंड खाल्ली.

दुपारी वॉर्डात ड्यूटी बदलते. सकाळच्या नर्स दुपारच्या नर्सना एकेका खाटेपाशी नेऊन पेशंट सोपवतात: यांचं काय झालं, काय दिलं, काय बघायचं. त्यात घोळ झाला तर औषध चुकतं, म्हणून त्या वेळेला कुणी मध्ये बोलायचं नाही, असा सगुणाबाईंचा दंडक होता. पेशंटनाही त्या सांगून ठेवायच्या, "पोरींची ड्यूटी बदलतेय, अगदी जीवावरचं नसेल तर बेल दाबू नका. स्वल्प थांबा." स्वल्प म्हणजे कानडीतलं थोडं. त्या वाक्याला वॉर्डात कायद्याची किंमत होती. भार्गवीनं ते जसंच्या तसं चालू ठेवलेलं.

आणि नेमकं त्याच वेळेला बाईंना बाथरूमला जायचं झालं. जयसिंगराव कॅन्टीनला गेलेले. बेल उशाशीच होती. बाईंनी ती बघितली आणि पलीकडच्या खाटांपाशी उभ्या असलेल्या पोरी बघितल्या. आयुष्यभर बेलच्या त्या टोकाला काढलेलं. एका बेलला पायांची कशी धावपळ होते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? थांबून बघितलं. अजून थांबून बघितलं. मग मनाशी म्हणाल्या, दोन पावलं तर आहेत, कशाला पोरीला हेलपाटा.

वॉकर ओढला. उभ्या राहिल्या. एक पाऊल पडलं, दुसरंही पडलं. तिसऱ्याला वॉकरचा पाय पडद्याच्या झालरीत अडकला आणि नवा गुडघा थरथरत दुमडला. बाईंनी हात टाकला तो कपाटावर. तिथला जयसिंगरावांचा स्टीलचा फ्लास्क ठणाणा करत फरशीवर गेला. अज्जींनी आयुष्यात मारली नसेल एवढ्या मोठ्यानं हाक मारली, "अय्यो! सिस्टर!"

प्रणिता धावत आली. मागून काखेत हात घालून, स्वतःच्या मांडीवर भार घेत तिनं बाईंना अलगद खुर्चीत टेकवलं. पडू दिलं नाही. पण तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मागोमाग भार्गवी आली, दुपारच्या पोरी आल्या, पडद्याबाहेर गर्दी झाली.

"काय झालं?" भार्गवीनं विचारलं.

सगुणाबाईंच्या ओठावर 'काही नाही' आलंच होतं. सवयच ती. पण प्रणिता आधी बोलली, "अक्का उठल्या, सिस्टर. माझं लक्ष न्हवतं." आणि ती तशीच उभी राहिली, हात बाजूला सोडून. ती काय बघत होती ते बाईंना दिसलं. निपाणीला परत जाणारी गाडी, आणि दारात उभी ठकुबाई.

बाईंनी कपाळावर हात मारला. अरे देवा! पोरीचे चार हेलपाटे वाचवायला गेले आणि तिची नोकरीच घालवली की!

"तिचं लक्ष नव्हतं, कारण मी बेल दाबलीच नाही," त्या म्हणाल्या.

"का नाही दाबली, अक्का?"

"ड्यूटी बदलत होती ना."

भार्गवीनं वाकून बाईंच्या गुडघ्यावरची पट्टी बघितली. मग हळूच म्हणाली, "तुम्हीच शिकवलंत आम्हाला. मी नव्या पोरींना अजून तेच शिकवते." एक्स-रे काढला, सांधा जागेवर होता. पण झालेला प्रकार मेट्रन मॅडमना कळवणं भागच होतं, आणि तो प्रणिताच्या ड्यूटीत झाला होता. "लपवू नका, हेही तुम्हीच शिकवलंय," भार्गवी म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता.

त्या संध्याकाळी भाषणाची तालीम झाली नाही. जयसिंगरावांनी चेपलेला फ्लास्क हातात फिरवत विचारलं, "काय गं, एकदम गप्प?"

"अहो, मी किती माणसांना थांबा म्हटलं असेल?" बाई म्हणाल्या. "आणि त्यातली किती माझ्यासारखी उठली असतील? मागं पडलेला एकेक पेशंट आठवतोय. दुपारचेच बरेचसे. आम्ही म्हणायचो, ऐकतच नाहीत मेले." जयसिंगरावांनी या वेळी मान डोलवली नाही. त्यांनी नुसता बायकोचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई हॉलमध्ये गेल्या त्या चाकाच्या खुर्चीतून. गुमान. प्रणितानंच खुर्ची ढकलली. पोरीचा चेहरा एवढासा झालेला. कार्यक्रमानंतर मेट्रननी तिला बोलावलं होतं. मॅडम पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. नव्या पोरी मोबाईल सरसावून तयार.

बाई कानडीत बोलल्या. "मी सांगायला पुष्कळ आणलं होतं. तळवे गरम करा आणि डबा खा, एवढं घ्या, बाकी राहू दे." मग बाही वर सारून त्यांनी मनगट उंच केलं. "हा पट्टा काल मी झाकला. बेल असून दाबली नाही. का? तर माझ्यासारख्याच एका शहाण्या नर्सनं सांगून ठेवलं होतं, ड्यूटी बदलताना स्वल्प थांबा. ती नर्स मीच. आपण थांबा म्हणतो, आपल्याला ते बरोबर वाटतं. पण पेशंटच्या पोटाला ड्यूटी कळत नाही हो! चांगला पेशंट आपल्याला त्रास नको म्हणून उठतो, पडतो, आणि जबाबदार कोण? ही पोरगी. हिनं मला धरलं नसतं तर आज मी पुन्हा टेबलावर असते. चूक माझ्या शिकवण्यात आहे, हिच्या लक्ष देण्यात नाही."

प्रणिता खुर्चीमागं उभी राहून रडत होती, उघड उघड.

"आता उपाय सांगते," बाई म्हणाल्या. "ड्यूटी बदलायच्या आधी एक फेरी मारा. प्रत्येक खाटेपाशी जा आणि तुम्ही विचारा, बाथरूमला जायचंय का? दुखतंय का? त्यानं मागायची वाट बघू नका. मग खुशाल सोपवासोपवी करा, बेल वाजणारच नाही. आणि वाजली तर जा. मॅडम, माझी एवढी चूक तुम्ही दुरुस्त करा, आणि कुणाच्या नावावर लिहायची असेल तर माझ्या नावावर लिहा."

टाळ्या पडल्या, पण बाईंचं लक्ष टाळ्यांकडं नव्हतं. मेट्रन मॅडम उठल्या, भार्गवीला आणि प्रणिताला घेऊन आत गेल्या. बाईंचा जीव टांगणीला. जयसिंगरावांनी आणलेली कॉफी हातातच निवली. प्रणिता बाहेर आली ती फोन कानाला लावूनच. "आई, हेलो? आई, ऐक की! फेरी आमच्याच वॉर्डात पहिल्यांदा सुरू करायची, आणि ती मी करायची, असं मॅडम म्हणाल्या... अगं कसली फेरी ते मग सांगते! कायम केलं गं मला! व्हय, आता खरोखर!" तिकडं ठकुबाई काय बोलली कोण जाणे, पोरगी हसली आणि मग हुंदका देऊन रडली. सगुणाबाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "पुरे, पुरे. ड्यूटीवर आहेस ना?"

पुढच्या दुपारी पहिली फेरी निघाली. प्रणिता सगुणाबाईंच्या खाटेपाशी आली, तळवे चोळले, स्टुलावर टेकली. "अक्का, दुखतंय?"

'छे' जिभेवरच होतं. बाईंनी ते गिळलं. "दुखतंय गं," त्या म्हणाल्या. "खूप दुखतंय. पहिल्या दिवसापासून."

"म्हाईत आहे मला," प्रणिता म्हणाली आणि गोळी देऊन शेजारच्या खाटेकडं वळली. "अज्जी, जायचंय का?"

अज्जींनी आधी सगुणाबाईंकडं बघितलं, मग प्रणिताकडं. आणि लहान मुलानं वर्गात करावा तसा हात वर केला. "हो," त्या कानडीत पुटपुटल्या. "रोज या वेळेला जायचं असतं. तुम्ही कामात असता, म्हणून मग पाणीच पीत नव्हते."

सगुणाबाई उठून बसल्या. इतके दिवस या बाईला आपण हट्टी म्हणत होतो! प्रणितानं अज्जींना हळूच नेऊन आणलं, पाठीशी उशी लावली. मग सगुणाबाईंनी आपल्या पाण्याचा पेला भरून अज्जींसाठी प्रणिताच्या हाती दिला. अज्जींनी तो दोन्ही हातांनी धरून एका दमात रिकामा केला, पदरानं तोंड पुसलं, आणि आणखी पाणी मागितलं.