मांडीच्या मापाची पेटी

लक्ष्मीपुरीतल्या त्या वाद्यांच्या दुकानात बसायला खुर्ची होती, स्टूल होतं, भिंतीकडेला एक बाकडंही होतं. मल्लाप्पाण्णांनी त्यांतल्या कशाकडंही पाहिलं नाही. चप्पल उंबऱ्याशी काढली, धोतर सावरलं आणि सरळ फरशीवर मांडी घालून बसले. "हं, आणा आता एकेक म्होरं," म्हणाले. दुकानदार गडबडला. "पावणं, सिंथेसायझर स्टँडवर ठिवून वाजवायचा असतोय. उभं ऱ्हाऊन." अण्णांनी खालूनच त्याच्याकडं बघितलं आणि शांतपणे सांगितलं, "उभ्यानं जेवण न्हाय आणि उभ्यानं गाणं न्हाय. तुमी आणा."

मग त्या माणसानं एकेक वाद्य काढून त्यांच्या पुढ्यात मांडलं. अण्णा सूर काही दाबून बघेनात. ते बघत होते आपले गुडघे. डाव्या गुडघ्यापासून उजव्या गुडघ्यापर्यंत जे वाद्य मावेल ते खरं, बाकी सगळं बाद. मी आयुष्यात पुष्कळ माणसं वस्तू विकत घेताना पाहिली, पण मांडीनं माप घेणारं गिऱ्हाईक ते एकच. मला हसू आवरेना.

अण्णांचं गंगावेशीत भुसारी मालाचं दुकान होतं. मूळ गाव सीमेकडचं, घरात कानडी, दुकानात मराठी, आणि पेटीवर बसले की दोन्ही बंद. मी प्राथमिक शाळेत बाई होते आणि सुट्टीच्या दिवशी एका ऑर्केस्ट्रात गायची. गणपतीत, जत्रांत, लग्नांत आमचे कार्यक्रम व्हायचे. तिथं पेटीला अण्णा. वयानं माझ्याहून बरेच मोठे, तरी मला 'अक्का' म्हणायचे. माझा घसा बसला असेल तर ते मला विचारायचेसुद्धा नाहीत. पहिल्या 'सा'लाच ओळखायचे आणि पट्टी खाली आणायचे. लोकांना वाटायचं बाईंनी आज काय मवाळ आवाज लावलाय. कार्यक्रम संपल्यावर मी आभार मानायला गेले की म्हणायचे, "पट्टी खाली आणायला काय जातंय अक्का? गळा एकदा गेला म्हंजे मग काय?"

असा हा माणूस. दुसऱ्याच्या गळ्याचा एवढा विचार करणारा. म्हणूनच मला त्यांचा राग येतो, आणि तो नीट येतही नाही.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं असेल तेव्हा आमच्या मॅनेजरनं फर्मान काढलं. पेटी आता चालत नाही, गावोगावचे गडी सिंथेसायझर मागतात, तेव्हा अण्णांनी तो घ्यावा नाहीतर दुसरा माणूस बघावा लागेल. अण्णांना पैशाची अडचण नव्हती. त्यांनी दुसऱ्या दिवशी दुकान भावावर सोपवलं, मला बरोबर घेतलं आणि आपल्या पोरीलाही घेतलं. नीला तिचं नाव. बारावीला होती. सिस्टरांच्या शाळेत शिकलेली. तिथं प्रार्थनेच्या हॉलमध्ये एक जुना पियानो होता आणि एका म्हाताऱ्या सिस्टरनं तिला दोन्ही हातांनी वाजवायला शिकवलं होतं. दहावी झाली, शाळा सुटली, पियानोही सुटला. तेव्हापासून ही पोर घरातल्या पेटीला हात लावत नव्हती. पेटीला डावा हात भात्यावर ठेवावा लागतो ना. तिला तो पट्ट्यांवर हवा होता.

अण्णा फरशीवर गुडघे मोजत होते तेव्हा नीला पलीकडं स्टँडवरच्या मोठ्या वाद्यापाशी उभी होती. एकसष्ट पट्ट्यांचं, भरघोस पाच सप्तकांचं. तिनं दोन्ही हात ठेवले आणि हळू आवाजात काहीतरी वाजवलं. डावा हात खाली घुमत होता, उजवा वर चालत होता. दुकानदारसुद्धा थांबला. मी म्हणाले, "अण्णा, तेच घ्या की. पोरगी बघा कशी वाजवतेय." अण्णांनी मान वळवून ऐकलं, कौतुकानं हसले, म्हणाले, "ग्वाड वाजवतीय." आणि पुन्हा आपल्या मांडीकडं वळले. मोठं वाद्य त्यांनी एकदा पुढ्यात मांडून घेतलं खरं. ते दोन्ही बाजूंनी चांगलं चार-चार बोटं बाहेर आलं. "अक्का, गुडघ्याभाईर गेलेला सूर आपला न्हवं. माणसाचा गळा किती? तीन सप्तकं. ह्यात चार हाईत. रग्गड झाली." त्यांनी एकोणपन्नास पट्ट्यांचं घेतलं. नीलानं हात काढून घेतले आणि ओढणी सारखी केली. अण्णांनी तिला काही विचारलं नाही. घरात कुणाला राग नव्हता, रुसवा नव्हता, असंच ते व्हायचं.

पुढं काय झालं ते सांगायला नको, तरी सांगते. सिंथेसायझरवर डाव्या हातानं कॉर्ड, म्हणजे तीन-चार सूर एकदम, धरायचे असतात, त्यात खालचं दीड सप्तक जातं. उरलं काय? अडीच. गाणं वर चढलं की अण्णांची बोटं पट्ट्या संपून प्लास्टिकवर पडायची. त्यात डाव्या हाताची सवय. तो आपला वाद्याच्या पाठीवर जाऊन भाता हलवायला बघायचा आणि सगळं वाद्य झोके खायचं. इस्लामपूरकडच्या एका कार्यक्रमात पुढची पोरं पोट धरून हसली. मॅनेजर त्यांना काढायला आला तेव्हा अण्णांनीच त्याची अडचण सोडवली. "दुसरा बघा मालक. मला काय, घरात पेटी हाय की." घरी येऊन त्यांनी ते वाद्य नीलाच्या पुढ्यात ठेवलं. "घे यव्वा, तुझंच." पोरीला ते लाडानं कानडीत आईच म्हणायचे. किती प्रेमानं दिलं होतं. आपण पोरीला काहीतरी मोठं देतोय असं त्यांना मनापासून वाटत होतं.

नीलानं ते घेतलं आणि वाजवत बसली. बी. ए. करता करता, पुस्तकं आणून, रेडिओ ऐकून. मी एकदा त्यांच्या घरी गेले होते. तिनं वाद्य एका लांब टेबलावर उजवीकडं सरकवून ठेवलं होतं. उजवा हात पट्ट्यांवर चालला होता आणि डावा हात मधूनमधून पट्ट्या सोडून शेजारच्या लाकडावर उतरत होता. नुसत्या टेबलावर. बोटं अगदी बेतानं पडत होती, जागा चुकत नव्हत्या. मी विचारलं, "हे गं काय?"

"इथं खालचे सूर हाईत मावशी," ती म्हणाली. "ऐकू येत न्हाईत, एवढंच."

अण्णा तेवढ्यात दुकानातून आले. लाकडावर बोटं वाजताना बघून म्हणाले, "काय यव्वा, तबला शिकालीस काय?" ती हसली. तेही हसले आणि हातपाय धुवायला गेले. मी त्यांना सांगायला पाहिजे होतं असं कुणी म्हणेल. सांगितलं की, पोरीला मोठं वाद्य पाहिजे म्हणून! त्याच दिवशी, चहा पिताना. अण्णांनी ऐकून घेतलं आणि समजूत काढल्यासारखं म्हणाले, "अक्का, तिला वाजवायचंय किती? सासरी गेली म्हंजे कोण वाजवू देतंय? हाय त्यात हौस फिटती." ते वाईट बोलत नव्हते. आमच्याकडं सगळेच बाप असं बोलायचे.

पण नीलाला हौस फेडायची नव्हती, तिला त्यावर पोट भरायचं होतं. कागलला एका नव्या इंग्रजी शाळेत संगीताच्या शिक्षिकेची जागा निघाली. तिनं गुपचूप अर्ज केला आणि बोलावणं आल्यावरच घरात सांगितलं. ही नोकरी लागली तर लग्न दोन वर्षं थांबवायचं, असं तिनं आईकडून कबूल करून घेतलं होतं. बाप बरोबर निघाला, आणि तिच्या आग्रहावरून मीही. एस. टी.त अण्णा माझ्यापेक्षा जास्त खुशीत होते. लेक मास्तरीण होणार म्हणून त्यांनी येताना नवा कोट चढवला होता.

शाळेच्या व्हरांड्यात आम्ही दोघं बाकावर बसलो. नीला आत गेली. आत मोठा कीबोर्ड होता, जोर लावाल तसा आवाज देणारा. तिनं सुरुवात केली आणि मी अण्णांकडं बघितलं, कारण काहीतरी भलतंच ऐकू येत होतं. उजव्या हाताची चाल नितळ होती, पण खालून डावा हात धबाधबा कोसळत होता. इतकी वर्षं लाकडावर वाजवलेला हात तो, त्याला जोर किती लावायचा हे कधी कळलंच नव्हतं. आणि त्यात सूर चुकीचे. लाकडाला चुकीचा सूर आणि बरोबर सूर सारखाच. ती थांबली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा तिनं सुरुवातच केली नाही. आतल्या बाईंनी काहीतरी गोड शब्दांत सांगितलं, खुर्ची सरकली आणि नीला बाहेर आली. "चला," म्हणाली.

कागलच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना अण्णांनी विचारलं, "असं कसं झालं गं? घरात तर चांगलं वाजवतीस."

"अण्णा, माझा डावा हात काय वाजवतोय ते मी आज पयल्यांदा ऐकलं," नीला म्हणाली.

बस्स, एवढंच. तिचा आवाजही चढला नाही. अण्णा तिच्याकडं बघत राहिले. त्यांना ते लाकूड आठवलं असणार, कारण त्यांनी हळूच तिच्या डाव्या हाताकडं नजर टाकली. मला त्या दिवशी त्यांची फार कीव आली. माझ्यासारख्या फटकळ बाईलाही त्यांना 'मी म्हणत नव्हते का' असं म्हणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच लक्ष्मीपुरीत गेले आणि एकसष्ट पट्ट्यांचं वाद्य स्टँडसकट घेऊन आले. नीलाच्या टेबलाजवळ उभं केलं. तिनं त्याला नमस्कार केला, वर कापड घातलं आणि ते कापड काही काढलं नाही. त्याच वर्षी निपाणीच्या एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या घरी तिला दिली. घर चांगलं होतं, जावई चांगला होता. वाद्य बरोबर ने म्हणून अण्णांनी आर्जवं केली. "तिकडं जागा न्हाय हो," म्हणाली. चौसोपी घर होतं, जागा नव्हती कशी!

दोन हजार सालानंतर घरोघर पोरांना कीबोर्ड घ्यायची टूम निघाली. जुने पेटीवाले म्हणून लोक अण्णांना विचारायला दुकानात यायचे. पोरगं आठ वर्षांचं आहे, लहान घेऊ का मोठं? अण्णा तांदूळ मोजता मोजता म्हणायचे, "मोठ्या पट्ट्यांचं घ्या. बारकं घेशीला आन् हात वाढंल. आन् पयलं त्या लेकराला इचारा, कुठल्यावर त्याचा जीव बसलाय. इचारलासा काय?" बहुतेकांनी विचारलेलं नसायचं. मग अण्णा त्यांना तांदूळही न देता, आधी घरी जाऊन विचारून या म्हणायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, म्हातारा चळला.

शेवटी शेवटी त्यांना दम लागायचा, खाटेवरून उठवत नसे. नीला निपाणीहून येऊन राहिली होती. मी भेटायला गेले तेव्हा अण्णा तिला म्हणत होते, "यव्वा, काढ की ते कापड. एकदा वाजीव." तिनं मोडता घातला नाही. कापड काढलं, धूळ पुसली, वायर जोडली आणि स्टूल ओढून बसली. सिस्टरांच्या शाळेतली ती प्रार्थनेची चाल तिनं वाजवली. सावकाश, स्वच्छ, एकही चूक न करता. फक्त उजव्या हातानं. डावा हात तिच्या मांडीवर होता.

"दोन्ही हातांनी वाजीव की गं," अण्णा म्हणाले.

"आता एकानंच येतंय अण्णा," ती मागं वळून हसून म्हणाली. "तुमच्यासारखं."

तिनं टोमणा मारला नव्हता. तिला खरंच वाटत होतं की हे ऐकून बापाला बरं वाटेल. अण्णांनी मान डोलावली, "ग्वाड वाजलं," म्हणाले आणि भिंतीकडं तोंड केलं.