बरगडीवरचं नाव

माझ्या मित्राला त्याच्या घरच्यांनी साडी नेसवून पोचवलं. पांढरी, नवी साडी. केस बारीक कापलेले दिसू नयेत म्हणून डोक्यावरून पदर घेतला होता. महूला त्यांच्या दारातल्या मांडवात सगळे हात जोडून वंदना म्हणत होते आणि मी सर्वांत मागे उभा होतो. डेंग्यूने सहा दिवसांत गेला. त्याच्या भावाने मला विचारलं, "तुम्ही दीदीच्या ऑफिसातले का?" मी मान हलवली.

आम्ही दोघंही मुली म्हणून जन्मलो होतो आणि दोघांनाही ते कधी पटलं नव्हतं. छाती सपाट दिसावी म्हणून घालायचं पहिलं बाइंडर मला त्यानेच दिलं, त्याचं जुनं. बाइंडर म्हणजे एक जाड, कडक बनियन. अंगात चढवताना धडपडावं लागतं आणि चढवल्यावर श्वास अर्धाच आत जातो. त्याने स्वतःला एक नाव ठेवलं होतं, तीन अक्षरांचं. त्या नावाने हाक मारणारे आम्ही चार-पाच जण. पुण्यानुमोदनाच्या पत्रिकेवर ते नाव नव्हतं, भाषणांत नव्हतं, फोटोखालीही नव्हतं. सहा महिने हे डोक्यातून जाईना, तेव्हा मी ते अंगावर गोंदवून घ्यायचं ठरवलं.

जागा डाव्या बरगडीची निवडली, कारण तिथे आईची नजर जाणार नव्हती. बाबा गेल्यापासून सुदामा नगरच्या घरात आम्ही दोघंच. घरात मी 'आले, गेले' बोलायचो. सांवेर रोडला ज्या गोदामात माल रवाना करायचं काम बघायचो, तिथे मी सगळ्यांचा भिया, म्हणजे भैया होतो. कागदावर काय लिहिलंय ते फक्त ठेकेदाराला ठाऊक.

टॅटू काढणाऱ्याने बाइंडर वर गुंडाळायला सांगितलं. त्याला काय ते कळलं असणार, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. शेवटी मलम लावत म्हणाला, "भिया, पंद्रह दिन ये मत पहनना. ढीला कॉटन पहनो, हवा लगने दो."

"काम पे जाना है," मी म्हटलं.

"तो छुट्टी ले लो."

सुट्टी तीन दिवसांची मिळाली. चौथ्या दिवशी सकाळी एकावर एक दोन शर्ट घालून आरशासमोर उभा राहिलो. पाठीत पोक काढून पाहिलं. जे दिसायचं ते दिसतच होतं. मग जखमेवर सुती रुमाल ठेवला आणि वरून बाइंडर ओढलं.

मे महिना, वर पत्र्याचं छप्पर. अकरा वाजेपर्यंत घाम बरगडीवरून खाली उतरायचा आणि कोणी मीठ चोळावं तसं व्हायचं. जेवणाच्या सुट्टीत बाथरूमची कडी लावून, बाइंडर वर सरकवून मी दहा मिनिटं नुसता उभा राहायचो. सातव्या दिवशी रुमाल चिकटला. ओढला तर खपलीसकट आला. मधल्या अक्षराचा काना होता तिथे ओलं, लाल मांस दिसत होतं. तेव्हाच थांबायला हवं होतं. थांबलो नाही. मला वाटायचं, एक दिवस जरी तसा गेलो तर पुन्हा भिया म्हणणार नाही कोणी.

दहाव्या दिवशी ताप घेऊनच घरी आलो. बाइंडर काढायला हात वर नेला तर डोळ्यांपुढे अंधारी आली. कापड जखमेत रुतलं होतं. वास येत होता. मी आईला हाक मारली. सात-आठ वर्षांत तिने माझं उघडं अंग पाहिलं नव्हतं.

तिने कोमट पाणी ओतून बघितलं, मग कात्री आणली.

"कापू नको," मी म्हटलं. ते त्याचंच होतं, त्याने दिलेलं.

"अगं, तापाने फणफणली आहेस आणि एका बनियनचं काय घेऊन बसलीस?" तिने खालून वरपर्यंत कापलं. मग बरगडीवरचं भिजवून, पुसून ती वाचायला लागली. पहिलं अक्षर आणि शेवटचं. मधलं तिने अंदाजाने लावलं.

"हा कोण मुलगा?"

"होता."

"होता म्हणजे?"

"वारला. दिवाळीच्या आधी."

तिने फडकं पुन्हा कोमट पाण्यात पिळलं. "तरीच तू जेवत नव्हतीस तेव्हा," म्हणाली. मग एकदम मऊ आवाजात विचारलं, "लग्न करणार होतात का?"

खरं सांगायला वेळ होता. ती वाट बघत होती. मी म्हटलं, "हो."

दवाखान्यात डॉक्टर ओरडले, अजून दोन दिवस काढले असते तर भरती करावं लागलं असतं म्हणाले. इतकं टाइट घालायला कोणी सांगितलं होतं, असं विचारलं. माझ्याआधी आईच बोलली, "दुख में थी, सर. होश नहीं था इसको."

जखम भरायला दोन महिने लागले. रोज सकाळी आई फुंकर घालत मलम लावायची. गोदामात माझ्या जागी दुसरा माणूस आला. ठेकेदाराने फोनवर फक्त "आराम करो" म्हटलं आणि पुन्हा फोन उचलला नाही. मधल्या अक्षराच्या जागी आता गुलाबी, चकचकीत कातडी आहे. तिच्यावर शाई धरेलच असं नाही, असं टॅटूवाला म्हणतो.

आईने स्थळं बघणं थांबवलं आहे. मावशीला तिने सगळं सांगितलं. मावशी येते, माझ्या डोक्यावरून हात फिरवते, "बिचारी पोर" म्हणते. या घरात मी इतकी मुलगी कधीच नव्हतो.

एकदा आईने त्याचा फोटो मागितला. फोनमध्ये एकच बरा होता, चेक्सचा शर्ट घातलेला, हसणारा. तिने चष्मा लावून पाहिला.

"चांगला होता गं," ती म्हणाली. "त्याच्या आईवर काय बेतलं असेल? आपण एकदा भेटून येऊ या का त्यांना?"

"ते लोक आता महूला राहत नाहीत," मी म्हटलं आणि फोन तिच्या हातातून परत घेतला.