कोरा फॉर्म

रविवारी सकाळी आमच्या दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. बाबा गॅझेटेड ऑफिसर. त्यांचा शिक्का आणि हिरव्या शाईतली सही असल्याशिवाय कुणाची मार्कशीट खरी धरत नसत. मग काय, ओळखीपाळखीच्या मराठी घरांतली मुलं झेरॉक्सची भेंडोळी घेऊन हजर! शिक्के मारायचं काम माझं. सहीबरोबर बाबांचा सल्लाही मिळायचा, न मागता.

माणूस आपला व्यवसाय स्वतः निवडतो असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर तो ठरताना मी पाहिलाय. मार्कशीट हातात घेण्याआधी बाबा विचारायचे, "वडील काय करतात?"

एकदा कॅन्टोन्मेंटमधून एक हवालदार आपल्या मुलीला घेऊन आले. मूळचे साताऱ्याकडचे. बसा म्हटलं तरी उभेच. "पोरगी फस्क्लास आलीय, सायेब." मुलगी माझ्याच वयाची. आम्ही दोघी नुकत्याच बी.ए. झालेल्या आणि तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. ते मी शिक्का मारतानाच बघून घेतलं. तिनं पिशवीतून मोठ्या अधिकाऱ्यांच्या परीक्षेचा कोरा फॉर्म काढला. मीही तीच परीक्षा देणार होते.

"बाळ, याला दोन-तीन वर्षं घरी बसून अभ्यास करावा लागतो," बाबा मायेनंच म्हणाले. "तुझे वडील पुढच्या वर्षी रिटायर होणार, पाठची दोन भावंडं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. क्लार्कची परीक्षा दे, नक्की लागशील." कपाटातून क्लार्कचा फॉर्म काढून त्यांनी तिच्यापुढे ठेवलासुद्धा. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलेन असं तिला वाटलं असावं. खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. एक स्पर्धक कमी झाली, यार! मी शिक्का शाईच्या पॅडवर दाबला.

तिचा कोरा फॉर्म टेबलावरच राहिला. दोन दिवसांनी माझ्या फॉर्मवर चहा सांडला, तेव्हा मी तिचाच भरला. त्यात मला काहीही वाटलं नाही.

मी नापास झाले. पुढच्या वर्षी पुन्हा. तोवर नोएडात नवी नवी ऑफिसं उघडत होती आणि त्यांना इंग्रजी बोलणाऱ्या मुली हव्या होत्या. मी एका ऑफिसात चिकटले. तिथं कुणी सही मागितली नाही की शिक्का, म्हणून बाबा महिनाभर गाल फुगवून बसले.

ती क्लार्क झाली. दोन्ही भावंडांची शिक्षणं तिनं केली. बऱ्याच वर्षांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला आली, बाबांच्या पाया पडली. "काकांमुळे मार्गी लागले," म्हणाली. बाबांचे डोळे भरून आले. मला मात्र तिथं थांबवेना. चहाचं निमित्त करून मी स्वयंपाकघरात गेले, तर ती मागोमाग आली.

"तो माझा फॉर्म कुठं गेला गं?"

इतकी वर्षं तिच्या लक्षात होतं. "मी भरला," चहाचा कप तिच्या हातात देत मी म्हटलं.

"अच्छा! मग?"

"नापास झाले. दोन्ही वेळा."

ती हसली, अगदी मनापासून. मग म्हणाली, "काका रागावले असतील?"

"छे. पहिल्या वेळी म्हणाले, असू दे, पुढच्या वर्षी बघू."

तिचं हसू थांबलं. हातातला कप तिनं ओट्यावर ठेवला.

"पुढच्या वर्षी," ती म्हणाली.