येळ्ळूरला आलेलं दार

मी आज जो काही आहे तो आमच्या आक्कामुळे. चौथीत शाळा सोडून तिनं बेळगावात धुणीभांडी केली आणि मला बी.कॉम. केलं. घरातला पहिला पदवीधर मी. भुताखेतांच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आता काय म्हणावं, कळत नाही.

आक्का टिळकवाडीत कामाला होती. शंभर वर्षांपूर्वी ज्या मालकांनी तिथली शेतं घेऊन प्लॉट पाडले, बंगले बांधून विकले, त्यांच्या स्वतःच्या बंगल्यात. शेवटी तिथं त्यांची नातसून एकटीच उरली होती. म्हातारी बाई, फार भित्री. बाहेर कडी वाजली की आधी आतून दारावर टकटक करायची — दोनदा, मग थांबून एकदा. आक्का म्हणायची, "आक्का आलीया, बाई." मगच अडसर निघायचा.

बाई गेल्या, बंगला पाडला. आज तिथं अपार्टमेंटचं पार्किंग आहे. सागवानी दार तेवढं आक्कानं अडसरासकट मागून आणलं आणि बेळगावजवळ येळ्ळूर गावातल्या आमच्या घराला बसवलं.

हल्ली आक्का निपाणीला लेकीकडे असते; घर बंद. दार विकून टाक, असा तिनं निरोप दिला. भर दुपारी गिऱ्हाईक घेऊन गेलो. कुलूप काढताना कडी वाजली. ढकललं तर दार हलेना. आणि आतून टकटक... दोनदा. थांबून एकदा.

"आत कोण हाय व्हय?" गिऱ्हाईकानं विचारलं.

"न्हाय."

"मग मांजार आसंल. लई शिकलेलं दिसतंय."

माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आक्का आलीया, बाई."

अडसर सरकला. दार उघडलं. आत कुणीच नव्हतं. मागच्या दाराची कडी आतून तशीच लावलेली.

गिऱ्हाईक आल्या पावली निघून गेलं. मी उंबऱ्यावर बसलो. भीती नाही, वाईट वाटत होतं. पुढून कुलूप, मागं आतून कडी, मग अडसर कुणी घातला आणि कुणी काढला?

आक्काला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून पत्र लिहिलं. ते असं —

"आक्का, साष्टांग नमस्कार.
दार विकलं नाही, रागावू नकोस. तुझं नाव ऐकून बाईंनी आतून अडसर काढला, आणि समोर मी उभा होतो. निघताना पुन्हा कुलूप घातलं, पण बाईंना आत कोंडल्यासारखं वाटलं. लेकीला सांगून एक दिवस ये. या वेळी कडी तू वाजव."