थोड्यातले

थुंकीच्या तपासणीत माझ्या भावाला क्षय निघाला नाही, म्हणून आम्ही सुटकेनं उठलो. समोर शिरूर कासारकडची एक बाई डॉक्टरांचं टेबल घट्ट धरून उभी होती. तिच्या नवऱ्यालाही काही निघालं नव्हतं, पण तो बाकावर वाकून खोकत होता.

डॉक्टर म्हणाले, "या तपासणीत थोड्या जणांचा आजार असूनही दिसत नाही. थोड्यांचाच."

"मंग आमचे ह्ये त्या थोड्यातले न्हाईत कशावरून?" तिनं विचारलं. "उद्या ऊसतोडीला निघायचं हाय. तिकडं कोण बघनार?"

डॉक्टरांनी थुंकीचीच मशीनवरची दुसरी, जास्त बारकाईची तपासणी लिहून दिली. मी भावाला परत बसवलं आणि त्याचीही लिहून घेतली.

संध्याकाळी कळलं, दोघांनाही क्षय होता. मी भावाचा कागद पुन्हा वाचला. ती नवऱ्याची पाठ चोळत म्हणाली, "आता औषध तरी सुरू व्हईल."